हाकेला ओ

तुमसर,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप भाऊ,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि पत्र संपेपर्यंत ते तिथेच राहू देते; म्हणजे मधे कुठे राग आला तरी तुला उठून फेऱ्या मारता येणार नाहीत. वहिनींचा दमा कसा आहे? इकडे थंडी अशी पडली आहे की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय वेणी होत नाही. तिकडेही तेच असेल, तर वहिनींना पहाटे सडा घालायला बाहेर पडू देऊ नकोस, तू घाल. (तुझा गुडघा दुखतो हे मला ठाऊक आहे. सडा हाताने घालतात.) आम्ही सगळे खुशाल आहोत. विमल संक्रांतीला गोंदियाहून येऊन गेली, सासर मानवलेलं दिसतं, गालावर जरा भरली आहे. सासरेबुवांचा, मामाजींचा, खोकला आहे तसाच आहे. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या घरात आहे, त्यामुळे धाकटेपणाने मी त्याच्याविषयी काही बोलत नाही.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोस, कुत्र्याला घेऊन जातोस, कामठीच्या गोदामवाल्याशी बोलणं झालं आहे, दिवसभर साखळीला बांधणार, साखळी तोच देणार. चार ओळींत तू एवढं सगळं बसवलंस. तुझी काही चूक नाही. दिवाळीत मीच लिहिलं होतं, की इथे त्याचं जमत नाही, मामाजींना तो नको आहे, कुठे सोय होत असेल तर बघ. ते तू बघितलंस. पण दिवाळीपासून इकडे बरंच काही झालं आणि काल तर फारच झालं, आणि ते चार ओळींत बसणारं नाही. वहिनींना वाचून दाखवणार असशील तर पाणी जवळ ठेव, हसताना त्यांना ठसका लागतो.

सुरुवात तुझ्यापासूनच आहे. पोळ्याच्या सुमारास तू ह्या कुत्र्याला घेऊन आमच्या दारात उभा राहिलास. त्याच्या केसांनी वहिनींचा दमा वाढतो म्हणून तो आता बहिणीच्या घरी राहील, अस्सल अल्सेशियन आहे, म्हणालास. (आमच्या इथले एक जाणकार, ज्यांच्याबद्दल पुढे लिहिते, त्याला पुढून बघून ‘हो’ म्हणाले आणि मागून बघून गप्प झाले.) मामाजी ओट्यावर चहा पीत बसले होते. कुत्र्याने घरात पाय टाकण्याआधी त्यांचेच पाय चाटले. आणि तू, माझा सख्खा थोरला भाऊ, आमच्याकडे इतक्या वेळा जेवून गेलेला, माझ्या लग्नपत्रिकेवर वराच्या वडिलांचं नाव नीट छापलं आहे की नाही ते स्वतः तपासलेला, तू भर दारात ओरडलास, “——, खाली बस, घाणेरडा कुठला.”

ह्या रेघेच्या जागी जे नाव आहे ते मी आत्ता लिहीत नाही; का, ते पुढे येईलच. शिंपल्यात सापडतं आणि नथीत ओवतात, ते. आपल्याकडच्या निम्म्या कुत्र्यांचं तेच नाव असतं, आणि माझ्या सासऱ्यांच्या नावातला शेवटचा ‘राम’ काढला की तेच उरतं. मामाजींचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी झटकन मान वर करून तुझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आडून पुढे आलेच नाही. तू मात्र जेवलास, पान खाल्लंस आणि दुपारच्या गाडीने निघून गेलास.

ही अडचण केवढी आहे ते तुला कळायचं नाही, कारण तुला सासरी नांदायला जावं लागलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. घेतलं तर काय होतं ते मला कोणी सांगितलेलं नाही, कारण कोणी घेऊन बघितलेलंच नाही. मी तर ते नाव ज्यात येतं ते शब्दसुद्धा टाळत आले आहे. सोनाराकडे कुड्या करायला गेले तेव्हा बोटाने दाखवून “ते पांढरं बसवा” म्हणाले. मामाजींच्या डोळ्याला पडदा आला तेव्हा डॉक्टरांना मी नुसतं “बिंदू झालाय” असं सांगितलं. (डॉक्टर नवीन होते. त्यांनी मामाजींऐवजी माझेच डोळे तपासले.) आमचे हेसुद्धा आपल्या वडिलांचं नाव तोंडाने घेत नाहीत. थोडक्यात, तू आमच्या घरात असा कुत्रा आणून सोडलास ज्याला त्या घरातलं कोणीही हाक मारू शकत नाही.

मी त्याला लाल्या म्हणून पाहिलं, बाळ्या म्हणून पाहिलं. तो शेजारच्या भिंतीकडे बघायचा. जसं काही दुसऱ्याच कोणाला बोलावणं आलं आहे आणि आपण मधे पडणं बरं नव्हे. आमची भांडी घासायला येणारी शकुनबाई, तिलाही मालकाचं नाव कुत्र्याला लावणं जिवावर आलं. तिने आपल्यापुरता मार्ग काढला. ती त्याला ‘छोटे मालक’ म्हणायला लागली. मग दिवसभर घरात चालायचं, “ताई, छोटे मालकानं दुधाचं गंज उलटं केलं,” “ताई, छोटे मालक कोंबडीच्या मांगं धावून राह्यले.” मोठे मालक हे सगळं ओट्यावर बसून ऐकायचे.

आणि छोटे मालक वागायचेही तसेच. गिरणीचा भोंगा झाला की तोंड आभाळाकडे करून रडायचे, आणि दुपारचा भोंगा नेमका मामाजींचा डोळा लागला की व्हायचा. एकदा मामाजींची तंबाखूची चंची नाहीशी झाली. सगळं घर शोधलं, शकुनबाईने उगाच चार शपथा घेतल्या, आणि शेवटी ती तुळशीच्या मागे मातीत पुरलेली निघाली. मामाजींनी चंची झटकली, कमरेला खोचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सूनबाई, याले वळण नाही. वळण लागत असन तं ठेवा. नाही तं ज्याचा हाय त्याले वापस करा.” बस, एवढंच. ते नेहमी एवढंच बोलतात, आणि मग तसं होतं.

त्याच दिवशी मी तुला ते पत्र लिहिलं. पेटीत टाकून परत आले तर तो दारात बसला होता. विमल सासरी गेल्यापासून दुपारी हे घर कसं होतं ते मी तुला कधी लिहिलं नाही, आताही लिहीत नाही. हे दुकानात, मामाजी झोपलेले. मी डाळ निवडत बसते. पूर्वी विमलशी बोलायची ते मी आता ह्याच्याशी बोलते. विमलचं पत्र आलं नाही, वांगी महागली, माझी कंबर दुखते, असं काहीही. तो ऐकतो. विमल एवढं ऐकत नसे. टाकलेलं पत्र पेटीतून परत काढता येत नाही (मी जाऊन बघितलं, माझा हात जात नाही), म्हणून मी दुसऱ्या बाजूने कामाला लागायचं ठरवलं. वळण लागलं तर ठेवा, असं मामाजी म्हणाले होते ना? ठीक आहे. वळण लावायचं. हा दुसरीकडे कुठे जाणार नाही.

तुमसरला श्वानमित्र मंडळ आहे हे तुम्हा नागपूरवाल्यांना खोटं वाटेल. अध्यक्ष सेवकराम रेंजर साहेब, जंगल खात्यातून निवृत्त झाले आणि जनावरांवाचून करमेना म्हणून त्यांनी ते काढलं. (मागून बघून गप्प झालेले जाणकार ते हेच.) मंडळाचा दर वर्षी ‘सुदृढ श्वान मेळावा’ होतो. त्यात धान मोजायच्या काट्यावर कुत्र्यांचं वजन करतात आणि सगळ्यात जड कुत्र्याला बक्षीस मिळतं. गेल्या वर्षी भैय्यालाल मिठाईवाल्यांच्या गुड्डूचा नंबर आला, तो जिलेबीवर वाढलेला आहे. तोही वाद होऊनच आला, कारण काट्यावरच्या हमालाने सवयीप्रमाणे प्रत्येक कुत्र्यामागे बारदानाचं वजन कापलं होतं. “बारदान कसलं कापतोस बे, कुत्रा काय पोत्यात हाय का?” असं भैय्यालाल विचारत होते आणि हमाल म्हणत होता, “काटा हाय तं बारदान कटन ना साहेब.”

ह्या वर्षी रेंजर साहेब जबलपूरला जाऊन आले आणि तिथे लष्करी कुत्र्यांची कवायत बघून आले. तेव्हापासून त्यांना वजनाची किळस आली. ह्या वर्षी नवा खेळ, ‘आज्ञापालन’. कुत्र्याने मालकाच्या पायाशी चालायचं, समोर ठेवलेलं खायचं नाही, आणि सांगितल्या जागी बसून राहून मालकाच्या हाकेला यायचं. ते ऐकलं आणि मला वाटलं, हे तर मामाजींच्या मनातलं वळण कोणीतरी कागदावर उतरवून काढलं आहे. रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, “आपलं नाव द्या.” हे म्हणाले, “तू पळणार?” मी म्हटलं, “कुत्रा.” ते बराच वेळ भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव देऊन आले. कुत्र्याचं खरं नाव, कागदावर, कारण लिहायला तोंड लागत नाही. मामाजींच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, “पाहू मंग. म्याबी येतो पाहाले.” म्हणजे निकाल तिथेच लागणार होता, आणि तो रेंजर साहेब लावणार नव्हते.

मग मी मागे लागले. सकाळी मामाजींचा चहा झाला की दोरी घेऊन तळ्याच्या पाळीवर. कुत्र्याने डाव्या पायाशी चालायचं असा नियम आहे, आणि हा नियम करणाऱ्याने लुगडं नेसलेलं नाही, कारण पदरही डावीकडेच असतो. पहिले काही दिवस तो माझ्या पदराशी चालला. एकदा मी वळले आणि तो वळला नाही, तेव्हा पदर त्याच्याकडे आणि मी झुडपाच्या आड, असं होऊन बसलं. (कोणी बघितलं नाही. बघितलं असेल तर सांगितलं नाही.) नंतर पदर कमरेला घट्ट खोचायला लागले. पाळीवर धुणं धुणाऱ्या कुंताबाईने विचारलं, “कुसुमताई, सकाळी सकाळी कुठी जी?” मी म्हटलं, “कुत्र्याला चालायला शिकवतेय.” ती हातातला पिळा थांबवून म्हणाली, “काहून, त्याले येत नाही का?” मी दोरी धरून पुढे निघाले. ह्याचं उत्तर रेंजर साहेबांकडेही असेल असं वाटत नाही.

बसून राहणं त्याला लवकर आलं. मी परसात “बस” म्हणायची, तो बसायचा, मी पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायची. आत जाऊन बघते तर तो बसलेलाच असायचा, फक्त माझ्या आधी येऊन चुलीपाशी. मी त्याला परत बाहेर नेऊन बसवायची, परत आत यायची. शकुनबाई म्हणायची, “ताई, तुमालेच वळण लागून राह्यलं.” पण मी सोडलं नाही. पौषाच्या थंडीत तो परसात गारठलेल्या दगडावर बसून राहायला शिकला, आणि मी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत थांबायला शिकले, जे त्याहून अवघड आहे.

राहिलं हाकेला येणं. इथे गाडी अडली. नाव घेता येत नाही आणि नावाशिवाय तो येत नाही. चुटकी, टाळी, शीळ (मला येत नाही, हवा येते) सगळं झालं. आणि एके दिवशी मी ह्यांना जेवायला हाक मारली, बायका मारतात तशीच, “अवो, आयकता का जी.” हे आले नाहीत, हे पहिल्या हाकेला कधी येत नाहीत. पण परसातून कुत्रा आला. धावत आला आणि ह्यांच्या पाटाशेजारी बसला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोळ्यापासून रोज दोन वेळा तो ती हाक ऐकत होता, आणि त्या हाकेनंतर ताट येतं हे त्याला ह्यांच्यापेक्षा लवकर कळलं होतं. मी परत बाहेर बसवून परत तसंच म्हटलं, परत आला. शेजारच्या घरापर्यंत जाऊन म्हटलं, तिथेही आला. (शेजारचे श्यामरावही आले. त्यांची बायको माहेरी गेली होती.) मला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याला पुरीसारखी टम्म, ताजी सुवारी तळून घातली. ह्यांना शिळ्या पोळीचा कुस्करा.

तर काल रविवार. गिरणीमागचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण मंडळाने मागून घेतलं होतं. खुर्च्या, मांडव, लाऊडस्पीकर, एका बाजूला भज्यांची कढई. रिंगण आखायला चुना मिळाला नाही म्हणून रेंजर साहेबांनी गिरणीतला कोंडा घेऊन त्याच्या सुंदर रेघा ओढल्या होत्या, आणि भाषण संपेपर्यंत गिरणीच्या कोंबड्यांनी रिंगण खाऊन टाकलं. “रेषेच्या बाहेर जाऊ नये,” असं साहेब शेवटपर्यंत सांगत होते. मामाजी पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला मफलर अशा थाटात पहिल्या रांगेत बसले. ते लग्नालाही एवढ्या वेळेवर येत नाहीत.

पायाशी चालण्यात भैय्यालालचा गुड्डू अर्ध्या वाटेत आडवा झाला आणि उठला नाही. भैय्यालाल म्हणाले, “आज इसका मूड नहीं है साहब.” सिहोऱ्याच्या मुख्याध्यापिका सुलोचनाबाई त्यांची जेनी घेऊन आल्या होत्या, त्यांची शिस्त अशी की त्या “बसा” म्हणाल्या तेव्हा मागच्या उभ्या लोकांपैकी पुष्कळ जण बसले. आमचा नीट चालला. मी पदर खोचलाच होता, वर दोन टाचण्या मारल्या होत्या. वळणावर तो वळला. मी मामाजींकडे बघितलं नाही, पण त्यांचा खोकला थांबलेला मला ऐकू आला.

मग समोर ठेवलेलं न खाणं. प्रत्येक कुत्र्यापुढे पत्रावळीवर सुवारी ठेवली. साहेबांनी शिट्टी वाजवायच्या आत तीन पत्रावळी रिकाम्या झाल्या, एक तर पत्रावळीसकट. जेनीने सुलोचनाबाईंच्या भीतीने डोळे मिटून घेतले. आणि आमचा, भाऊ, आमचा तो सुवारीकडे बघतच नव्हता, तो मामाजींकडे बघत होता. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. आमच्या घरात मामाजींच्या आधी कोणी जेवत नाही, मामाजींचं ताट उठलं की मग बाकीचे आणि सगळ्यात शेवटी तो. मामाजी तर अजून जेवले नव्हते, मग तो कसा खाणार? साहेब म्हणाले, “वा, उत्तम.” मामाजी पुढे वाकून कुत्र्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, जमलं.

आता फक्त हाक. पटांगणाच्या एका टोकाला त्याला बसवलं, मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. मी छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने म्हटलं, “अवो, आयकता का जी.”

पुढे काय झालं ते मला एकाच वेळी सगळं दिसलं. पहिल्यांदा आमचे हे भज्यांच्या कढईपाशी होते ते द्रोण हातात घेऊन वळले. (आज पहिल्या हाकेला.) मग खुर्च्यांमधले एकेक करून बरेच गृहस्थ उभे राहिले, काही जण चपला शोधायला लागले. आमचे डॉक्टर उभे राहिले. खुद्द रेंजर साहेबांनी मान वळवून मांडवाकडे बघितलं, जिथे त्यांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. आणि कुत्रा उठला, अगदी तीरासारखा सुटला, माझ्याकडे अर्ध्यापर्यंत आला, थांबला, त्याने ह्यांना बघितलं, आणि शहाण्यासारखा जाऊन ह्यांच्या शेजारी बसला. ताट तिथे येतं, भाऊ. माझ्याजवळ कधीच आलं नाही. मीच त्याला तसं शिकवलं होतं.

लोक हसले ते हसले. साहेब लाऊडस्पीकरवरून म्हणाले, “बाई, अजून एक वेळ देतो. नोंदलेल्या नावानंच हाक मारा जी. नवऱ्याले नाही, कुत्र्याले.” मी उभी. मागून कोणीतरी म्हणालं, “नाव भुलल्या का?” मी उभीच. पहिल्या रांगेत, काळ्या कोटात, ते नाव बसलं होतं. साहेबांना वाटलं बाई घाबरली, म्हणून मदतीला त्यांनी स्वतःच लाऊडस्पीकरवर ते नाव घेतलं. दोनदा. अख्ख्या पटांगणात घुमलं. कुत्र्याने खांबावरच्या कर्ण्याकडे बघितलं आणि परत द्रोणाकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे कामठीचं गोदाम आलं, मी ते कधी बघितलं नसताना.

तेवढ्यात मामाजी उठले. काठी टेकत टेकत ते, जिथे आधी रिंगण होतं, तिथपर्यंत आले.

“सूनबाई, नाव काय हाय कुत्र्याचं?”

मी खाली बघितलं.

“मले मालूम हाय काय हाय ते. घे.”

“मामाजी, मी कशी घेऊ?”

“तोंडानं. माह्यं नाव हाय, मी देतो. मोठ्यानं घे, नाही तं बिचारा साखळीले जाईन.”

साखळीचं त्यांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. तुझं कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर होतं.

मी तोंड उघडलं. एवढी वर्षं ज्याच्या कडेकडेने चालले त्याच्या मधोमध पाऊल टाकायचं होतं. मग मी डोळे मिटले आणि ओरडले, “मोती, ये.”

तो आला. ह्यांच्या हातातला द्रोण उडवून, कोंबड्यांच्या मधून, सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या पायांशी बसला. आणि त्याच क्षणी माझ्या मागून आवाज आला, “ओ.”

मी वळून बघितलं. मामाजींनी ओ दिली होती आणि ते स्वतःच चमकून उभे होते. विमल लहान असताना गाढ झोपेतून हाक मारली की ती अशी बघायची. कुठे आहोत ते आठवायच्या आत ओ देऊन मोकळी. लोक हसायचे थांबले होते. मग मामाजी खोकले, काठी उचलली आणि जागेवर जाऊन बसले.

नंबर आला नाही. दुसरी हाक धरत नाहीत, शिवाय रिंगणाबाहेरच्या माणसाने मदत केली. (मी म्हटलं, रिंगण कुठे आहे ते दाखवा. साहेबांनी विषय बदलला.) जेनी पहिली आली. आम्हाला उत्तेजनार्थ एक पंचा मिळाला, तो मामाजींनी आपल्या खांद्यावर टाकला. घरी येताना हे म्हणाले की बाबांना नुसतं मोती म्हणणारे मोठे बाबाजी होते, बाबांचे थोरले भाऊ. ते गेल्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर कोणी म्हटलं नाही. सासूबाई तर जन्मभर ‘अवो’च म्हणत होत्या. भाऊ, आम्ही सगळ्यांनी मान म्हणून ते नाव इतकं जपून ठेवलं की वापरायला कोणी उरलंच नाही. मी रात्री अंथरुणावर त्याचाच विचार करत होते. मी तरी कोण आहे? सूनबाई, आई, ताई, अवो. कुसुम म्हणणारा आता तू एकटा. पत्रात तरी लिहीत जा.

आज सकाळी चहा घेताना मामाजी ओट्यावरून म्हणाले, “सूनबाई, तो कुठी गेला पाय बरं जरा.” मी बाहेर येऊन बघते तर तो त्यांच्याच खुर्चीखाली झोपलेला, शेपूट बाहेर. म्हटलं, “हा काय मामाजी, इथंच तर आहे.” ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, “तरी आवाज देऊन पाय.” मी दिला. मग आत येऊन चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखे डोळे पुसले. (स्टोव्ह पेटवला होता.)

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचं तेल लाव, आणि हे पत्र संपलं, आता माझं डोकं पायांवरून उचलायला हरकत नाही.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम

ता. क. पत्र वाचून कळलंच असेल, तरी स्पष्ट लिहिते: कामठीवाल्याला म्हणावं, साखळी त्याची त्याला लखलाभ. मामाजी ठेवा म्हणाले नाहीत, पण मघा शकुनबाईला म्हणाले की छोट्या मालकाला दूध आधी गाळून देत जा. येताना कातडी पट्टा मात्र आण, चांगला. आणि एक शिट्टी. पुढच्या वर्षी मी सुलोचनाबाईंना बघून घेणार आहे.

ता. क. दुसरा. घाबरून येणं रद्द करू नकोस. रविवारी त्याच गाडीने ये. मी बारीक बुंदीचे लाडू करते. मोतीचूर. बघ, आलं लिहिता.

ता. क. तिसरा, आणि खरं तर ह्याच्यासाठीच एवढं मोठं पत्र लिहिलं. पोळ्याच्या दिवशी तू दारात हाक मारलीस आणि मामाजींचा कप थांबला, त्यांनी झटकन वर बघितलं. मी राग समजले होते. काल त्यांचा चेहरा बघितल्यापासून मला वाटतं तो राग नव्हता. सुनेने दिलेली हाक वेगळी. पुरुषाच्या आवाजात, दारातून, खणखणीत आलेली वेगळी. मोठे बाबाजी तशीच द्यायचे, असं हे म्हणतात. तर रविवारी आत येण्याआधी दारात उभा राहून कुत्र्याला नावाने हाक मार, त्या दिवशी मारलीस तशीच. (‘घाणेरडा कुठला’ तेवढं गाळ.) आणि ओट्यावरून कोणी ओ दिली, तर ऐकलं नाही असं दाखव आणि अजून एकदा मार.